थोरलीची नावड

दोघा भावंडांच्या वयात फारसं अंतर नव्हतं, पण घरात ती थोरली आणि तो धाकटा. पन्नाशी जवळ आली, आईवडील गेले, हाक मारणारं कोणी उरलं नाही, तरी ती नावं काही सुटली नाहीत.

थोरली गाड्यांच्या सीटा शिवण्याच्या कारखान्यात होती. फोम कापायचा, त्यावर रेक्झिन ताणून बसवायचं, कडेने दुहेरी शिवण मारायची. तिच्या हातची शिवण अशी सरळ की मालक नव्या गिऱ्हाइकाला आधी तिच्याच टेबलाशी आणायचा. धाकटा मालाची व्हॅन चालवायचा. त्याची बायको त्याला सोडून गेली होती आणि तो थोरलीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत एकटा राहायचा.

भाऊबहिणीत वितुष्ट असं नव्हतं, पण ते एकमेकांशी कधी नीट बोललेत असंही कोणाला आठवत नाही. आईच्या आजारपणात कोणी किती खस्ता खाल्ल्या, वडिलांची खोली कोणाच्या हट्टापायी सोडावी लागली, धाकट्याचा संसार का मोडला, यातल्या एकाही गोष्टीवर दोघांनी तोंड उघडलं नव्हतं. ते बोलायचे ते बँडांविषयी. तासन् तास बोलायचे, भांडायचे, रुसायचे, आणि त्यातच बाकीचं सगळं येऊन जायचं.

हे वेड लागलं ते एका भाडेकरूमुळे. लहानपणी त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत जहाजावरचा एक आचारी राहायचा. एकदा तो जहाजावर गेला तो परत आलाच नाही. खोली रिकामी करताना एक खोकं निघालं, आणि त्यात कॅसेटी. आई फेकायला निघाली होती, तर या दोघांनी ते खोकं खाटेखाली सरकवून दिलं. कॅसेटींवरची अक्षरं ओल लागून पुसली होती. कोण गातंय, कुठला बँड, कशाचा पत्ता नाही. गाणी परक्या भाषेतली, एक शब्द कळायचा नाही. तेव्हा पोरांनीच एकेकाचं नामकरण करून टाकलं.

ज्या बँडचे ड्रम ऐरणीवर घण पडावेत तसे पडायचे, ते झाले ‘लोहार’. थोरलीचा सगळा जीव लोहारांवर. गिटार घेऊन एकटाच गाणारा एक होता, नुकतंच रडून तोंड धुऊन आल्यासारखा गळा, तो ‘रडका म्हातारा’. तो धाकट्याचा देव. टापा वाजवत गेल्यासारखं ज्यांचं गाणं पळायचं ते ‘घोडेवाले’, दोघांनाही आवडणारे. आणि दोन बायका नाकात गायच्या, एकीचा सूर संपायच्या आत दुसरी त्यात साखर ओतायची, त्या ‘चुलत बहिणी’. धाकट्याला त्या पसंत होत्या. थोरलीला त्यांचा पहिला सूर लागला की दात आंबायचे. उजवा खांदा आपोआप वर चढून कानाला टेकायचा. एकदा तर तिने ती कॅसेट खिडकीतून भिरकावून दिली होती. धाकट्याने खाली जाऊन चिखलातली फीत बोटाने गुंडाळत गुंडाळत परत आणली आणि पुढे बरेच दिवस तिच्याशी अबोला धरला.

मोठं झाल्यावर बँडांची खरी नावं कळली. छापील नावं, फोटो, कोण कुठला, कोण कोणाशी भांडून बाहेर पडला, सगळं कळलं. नवे बँडही कितीतरी आवडले. पण घरात लोहार ते लोहारच राहिले. खरं नाव घेणं म्हणजे घरच्या माणसाला आडनावाने हाक मारण्यासारखं वाटायचं.

दर रविवारी दुपारी धाकटा यायचा. काहीतरी नवीन शोधून आणायचा नाहीतर जुनंच काढायचा. थोरलीचा नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचा, शांत माणूस. त्याला ही सगळी एकच ठोकठोक वाटायची. तो चहा ठेवायचा आणि पेपर घेऊन स्वयंपाकघरात बसायचा. बाहेर दोघांचं चालू असायचं. थोरलीचं मत म्हणजे करवत. आवडलं तर ती काही बोलायची नाही, नुसती बोटांनी गुडघ्यावर ठेका धरायची. नाही आवडलं तर त्या गाण्याचं काही शिल्लक ठेवायची नाही. धाकट्याला त्याचा राग यायचा आणि तेच ऐकायला तो दर आठवड्याला यायचा.

बायको गेली तेव्हा धाकटा खोलीत पडून राहिला होता. कामावर जाईना, जेवेना. नातेवाईक येऊन चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून गेले. थोरलीने एक शब्द सांगितला नाही. तिने रजा टाकली, त्याच्या खोलीत जमिनीवर बसली आणि रडका म्हातारा लावला. संपला की पुन्हा लावला. असे किती दिवस गेले कोण जाणे. मग एका संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडलेला धाकटा म्हणाला, “या गाण्यात मागे कोणीतरी चुकीची तार छेडतंय.” थोरलीने ओळखलं, आता हा जगतो. तिने उठून त्याच्यासाठी पाव भाजला.

तर अशा या थोरलीच्या हातून एक दिवस शिवण वाकडी गेली.

तिने खाली पाहिलं तर डावा हात मशीनवर होता, पण कोणा दुसऱ्याचा असावा तसा. शेजारच्या टेबलावरच्या बाईने तिचं तोंड पाहिलं आणि आरडाओरडा करून मालकाला बोलावलं. मेंदूत बारीकशी गुठळी झाली होती. वेळेवर नेलं म्हणून हात परत आला, बोलणं कुठे अडखळलं नाही, चालणं पहिल्यासारखं. थोडक्यात निभावलं, सगळे म्हणाले. नवऱ्याच्या जिवात जीव आला. धाकटा हॉस्पिटलच्या पायरीवर बसून होता, तो उठला आणि कोणाशी न बोलता व्हॅन घेऊन निघून गेला. त्याचा आनंद असाच असायचा.

घरी आल्यावर नवरा दुकानात गेला तशी थोरलीने लोहार लावले.

सगळं ऐकू येत होतं. घण पडत होते, जाड तारेची गिटार खालून गुरगुरत होती, एका ठिकाणी कोणीतरी खोकतो तो खोकलासुद्धा जागच्या जागी होता. चाल कळत होती, पुढे काय येणार तेही ठाऊक होतं. पण त्यातून काही येत नव्हतं. कारखान्यात हवेचं मशीन चालू असतं, ते जसं चालू असतं तसं ते गाणं चालू होतं. थोरली थोडा वेळ थांबली. गाणं संपलं. तिला वाटलं, अशक्तपणा आहे. गोळ्या सुरू आहेत. होईल.

आठवड्याने पुन्हा लावलं. मग रोज लावू लागली. घोडेवाले लावले, रडका म्हातारा लावला, ज्या गाण्याला ती हमखास डोळे पुसायची ते लावलं. घरातले सगळे डबे एकामागून एक उघडून पाहावेत आणि सगळे रिकामे निघावेत तसं झालं. तिने आवाज वाढवला. कामावर कानात इयरफोन खुपसून एवढा मोठा आवाज ठेवला की संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत राहायची. स्पीकर छातीवर ठेवून पलंगावर पडून पाहिलं. हाडं थरथरली, बाकी काही नाही. एकदा ती मुद्दाम रडली, म्हटलं रडण्यापासून सुरुवात केली तर गाणं मागून येईल. नुसतंच रडणं झालं.

कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले. तपासणारी मुलगी खूश झाली, म्हणाली कारखान्यात काम करणाऱ्या बाईचे इतके चांगले कान मी पाहिले नाहीत. थोरलीने तिचे आभार मानले. बाहेर येऊन बाकावर बसली तर उठवेना.

मेंदूचा डॉक्टर भला होता. त्याने घाई केली नाही. जेवणाची चव लागते का, हसू येतं का, घरच्यांची ओढ वाटते का, असं सगळं विचारलं. सगळ्याला हो. ऐकणं जिथे पोचतं आणि आनंद जिथे होतो, त्या दोन जागांमधली वाट कधी कधी बुजते, तो म्हणाला. क्वचित होतं, पण होतं.

“परत येतं का?” तिने विचारलं.

“काहींना येतं.”

ती पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. डॉक्टरने हात पुसले आणि म्हणाला, “तुम्ही किती सुटलात ते बघा. हात गेला असता, वाचा गेली असती. त्या मानाने ही नुसती गाणीच आहेत.”

घरी नवऱ्यानेही तेच सांगितलं, त्याच्या परीने, मायेने. “समज, डोळे गेले असते तर?”

“डोळे गेले असते तर लोक भेटायला आले असते,” थोरली म्हणाली.

नवरा जवळ येऊन बसला. तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला बिचाऱ्याला काय गेलं तेच माहीत नव्हतं, कारण त्याच्याकडे ते कधी नव्हतंच. आणि थोरलीला मनातून लाज वाटत होती. आई गेली तेव्हा तिने कंबर कसून सगळं पार पाडलं होतं. आता लोहार गेले तर तिला भाकरतुकडा गिळवत नव्हता. हे कोणाला सांगायचं?

धाकट्याला तर मुळीच नाही. का, ते तिने स्वतःलाही नीट विचारलं नाही. तिला एवढंच दिसत होतं की हे एक काढून घेतलं तर त्या दोघांमध्ये काही उरत नाही. रविवारी तो येईल, समोरासमोर बसतील, आणि मग काय करतील?

म्हणून तिने सोंग घेतलं. सोंग जमलंही. आयुष्यभराच्या मतांचा साठा तिच्याकडे होता. ड्रम जरा मागे पडलेत. गाणाऱ्याला स्वतःचा गळा फार आवडतो. मधला तुकडा कापला असता तर बरं झालं असतं. पूर्वी कुठे काय म्हटलं असतं ते आठवायचं आणि म्हणायचं. गुडघ्यावर बोटांनी ठेकाही धरायची, न चुकता. धाकटा रंगात यायचा, वाद घालायचा, आणि थोरली त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. तो चेहरा उजळलेला असायचा. तो गेला की ती मोरीत जाऊन नळ सोडायची आणि तळहाताने कानशिलावर मारत राहायची. बंद पडलेल्या रेडिओला लोक थापटतात, तसं.

एका रविवारी धाकटा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. बसायला सांगितलं तर बसेना. म्हणाला, एक नवीन आहे, फार कोणी ऐकलेलं नाही, ऐक. आणि फोन तिच्यासमोर ठेवून तो खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

गाणं परक्या भाषेतलं नव्हतं, त्यांच्याच भाषेतलं होतं. तिथेच तिला शंका यायला हवी होती. एक गिटार, एका पुरुषाचा खरखरीत आवाज, संथ हेलकाव्याची चाल. ती नेहमीसारखी जागा शोधू लागली, कुठे काय म्हणता येईल. तिच्या मनात वेगळंच चालू होतं. गेले कितीतरी रविवार आपण नुसत्या किरकोळ चुका काढतोय, ह्याला संशय आलाय, म्हणून हा असा पाठमोरा उभा आहे. आज जुनी थोरली दिसायला हवी. आज करवत चालवायला हवी.

गाणं संपलं. ती म्हणाली, “हा कोण? ह्याला गळा नाही.”

“बरं,” धाकटा खिडकीतून म्हणाला. “आणि चाल?”

“चाल उसनी आहे. रडक्या म्हाताऱ्याच्या अंगणातून उचलून आणलीय, तीही अर्धीच. ज्याने बांधली त्याला सांग, तू आपली व्हॅन चालव.”

ते वाक्य तिने गमतीने जोडलं होतं. धाकट्याला चिडवायला त्याच्या धंद्यावरून बोलायची तिला सवय होती. तो वळला. हसला. बरोबर आहे, म्हणाला. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, मग आत जाऊन स्वतःचा कप धुऊन ठेवला. आजवर त्याने या घरात कप धुतला नव्हता. नवऱ्याने पेपरमधून मान वर करून पाहिलं.

पुढच्या रविवारी धाकटा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर म्हणाला, लांबची फेरी आहे. आवाज सरळ होता. थोरलीने फोन ठेवला. तिने कारखान्यातून अर्धी सुट्टी घेतली आणि जिथे व्हॅनमध्ये माल भरतात त्या आवारात गेली.

फाटकाशी एक आडदांड ड्रायव्हर खोक्यावर बसून बूट झटकत होता. बेडूक म्हणायचे त्याला, आवाजावरून. धाकट्याच्या तोंडी त्याचं नाव तिने ऐकलं होतं, गाठ कधी पडली नव्हती. “कोण पाहिजे?” त्याने विचारलं, आणि थोरली जागच्या जागी थिजली. कान तिचे उत्तम होते. गाण्यातला आवाज हाच.

ती बहीण आहे हे कळल्यावर बेडूक उठून उभा राहिला. त्याने काही लपवलं नाही, लपवायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. धाकटा कित्येक वर्षं व्हॅनमध्ये मागे गिटार ठेवून फिरायचा. माल उतरेपर्यंत वाजवत बसायचा. ही चाल त्याने बांधली, मोडली, पुन्हा बांधली. शब्द त्याचेच. स्वतःचा गळा आवडत नाही म्हणून बेडकाला गायला लावलं.

“मी म्हणायचो, अरे लोकांना ऐकव,” बेडूक म्हणाला. “तर म्हणायचा, आधी ताई. ताईने ठीक म्हटलं की बाकी कोणी काही म्हणू दे.”

“मला ते गाणं द्या,” थोरली म्हणाली.

“माझ्याकडे नाही आता. त्याने स्वतःच्या हाताने माझ्या फोनमधून काढलं. गिटारच्या ताराही काढून टाकल्या.” बेडूक जरा घुटमळला. “तुम्हाला खरंच इतकं वाईट वाटलं का हो ते?”

थोरली फाटकाकडे वळली. वाईट वाटलं असतं तर तिने सुखाने मान्य केलं असतं.

ती तिथून तडक धाकट्याच्या खोलीवर गेली. तो घरीच होता. लांबची फेरी वगैरे काही नव्हतं. त्याने दार उघडलं, खुर्ची पुढे केली आणि आपण पलंगाच्या कडेवर बसला. भर दुपार होती, खाली कोणीतरी पत्रा ठोकत होतं. थोरलीने सगळं सांगितलं. गुठळी, लोहार, कान, डॉक्टर, सोंग. आयुष्यात ती एवढं सलग त्याच्याशी कधी बोलली नव्हती. शब्द सापडत नव्हते, तेच तेच पुन्हा येत होतं.

धाकट्याने ऐकून घेतलं. मग अगदी सौम्यपणे म्हणाला, “ताई, मला बरं वाटावं म्हणून तू कधी खोटं बोलली नाहीस. आता म्हातारपणी नको सुरू करूस.”

“मी तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. मला ते गाणं चांगलं की वाईट हेच कळलं नाही.”

“तेच ते. गाणंच असं असेल की काही कळू नये.”

तिने शपथा घेतल्या, डॉक्टरचं नाव सांगितलं, नवऱ्याला विचार म्हणाली. जितकं सांगावं तितकं ते सारवासारव वाटत गेलं. तिचं तिलाही तसंच वाटू लागलं. धाकट्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट होतं. तो समजूतदार झाला होता. त्याने मनातल्या मनात तिचा निकाल मान्य करून टाकला होता.

तेव्हा थोरली म्हणाली, “चुलत बहिणी लाव.”

“कशाला?”

“लाव म्हणते ना.”

त्याने लावल्या. पहिला सूर लागला, नाकातला, गोड, आणि दुसरीने त्यावर साखर ओतली. धाकटा सवयीने तिच्या उजव्या खांद्याकडे बघत होता. खांदा हलला नाही. थोरली हात मांडीवर ठेवून बसली होती, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघत बसतात तशी. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. धाकटा उठला आणि त्याने आवाज वाढवला. अजून वाढवला. पत्रा ठोकणाऱ्याचा आवाज बुडून गेला. थोरलीच्या जबड्याची शीरसुद्धा ताठ झाली नाही. तिसऱ्या गाण्याला तो तिच्यापुढे येऊन उकिडवा बसला आणि बंद घराच्या खिडकीतून आत डोकावावं तसा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने हात लांब करून ते बंद केलं.

खालचा पत्रा पुन्हा ऐकू येऊ लागला.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“हॉस्पिटलमधून आल्यापासून.”

“म्हणजे इतके रविवार…”

“हो.”

त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तिला वाटलं, आता हा आपल्यासाठी रडणार. पण तो म्हणाला, “मग मी कोणाला ऐकवू?”

थोरलीला ते लागलं नाही. उलट पहिल्यांदाच कोणीतरी बरोबर बोललं असं वाटलं. डॉक्टर, नवरा, सगळे काय वाचलं ते मोजत होते. काय गेलं ते फक्त ह्याला कळलं होतं, कारण त्याचंही तेच गेलं होतं. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. मग तो चिडला. आधी सांगायला हवं होतंस, म्हणाला. मी त्या चालीवर जीव टाकला होता आणि तू मला व्हॅन चालव म्हणालीस. थोरलीने मान खाली घातली. गाणं पुन्हा कर, बेडकाला बोलाव, असं तिने विनवलं. त्याने मान हलवली.

“करून तुला काय कळणार?” तो म्हणाला. त्याला टोचायचं नव्हतं. तो खरंच विचारत होता.

त्यानंतरही रविवार सुटले नाहीत. धाकटा यायचा, फोन खिशातच ठेवायचा. चहा व्हायचा. नवरा बिचारा संभाषणाचा गाडा ओढायचा, कुठली भिंगं आली, कोणत्या फ्रेमा चालतात. एकदा दोघांनी आईचा विषय काढून पाहिला. शहाण्या माणसांसारखं बोलू म्हणाले आणि थोड्या वेळात इतकी वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. तू त्या रात्री आला नाहीस, तू मला बोलावलं नाहीस. धाकटा चपला घालून निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो आला, पण तो विषय पुन्हा निघाला नाही. मग हवेवर बोलायचे, गुडघेदुखीवर बोलायचे. मध्येच दोघंही गप्प होऊन जमिनीकडे बघत बसायचे.

थोरलीचं काही परत आलं नाही. ती सकाळी उठून एकदा लोहार लावायची, देवाला हात जोडावेत तशी, आणि बंद करायची. पुढे पुढे लावणंही सोडलं. न लावलं तर निदान ‘कदाचित येईल’ असं म्हणता येत होतं. कारखान्यात पूर्वी रेडिओवरून तिची भांडणं व्हायची. आता मालकाने विचारलं तर ती म्हणायची, लावा काहीही. लोक म्हणू लागले, आजारपणानंतर बाई निवळली.

वर्ष उलटून गेलं. एके दिवशी बेडूक कारखान्यात व्हॅनच्या सीटचं काम घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, तुमच्या भावाने गिटारला पुन्हा तारा चढवल्यात, शनिवारी संध्याकाळी ड्रायव्हर लोकांच्या कँटीनमध्ये आम्ही दोघं गाणार आहोत, तुम्ही येणारच असाल. थोरली हो म्हणाली. धाकटा आदल्याच रविवारी घरी येऊन गेला होता. त्याने अवाक्षर काढलं नव्हतं.

ती एकटीच गेली. मागे रचलेल्या खुर्च्यांपाशी भिंतीला टेकून उभी राहिली. लोक खात होते, बोलत होते, भांडी वाजत होती. बेडूक उभा, धाकटा स्टुलावर गिटार घेऊन, मान खाली. तेच गाणं. तिने ते एकदाच ऐकलं होतं, पण तिला सगळं आठवत होतं. चौथ्या ओळीला गिटार वळण घेणार होती, ते वळण तिथेच आलं. मधल्या एका जागी तिला चाल जरा वेगळी बांधलेली कळली. सुधारली की बिघडवली ते कळलं नाही.

पुढच्या टेबलाजवळची एक बाई पेला तोंडाशी नेता नेता थांबली. तिने तो खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. तिच्या पलीकडे दोघं मोठ्याने बोलत होते, त्यांतला एक बोलता बोलता गप्प झाला. हळूहळू भांड्यांचा आवाज बंद झाला. थोरली एकेका चेहऱ्याकडे बघत गेली, आणि त्या चेहऱ्यांवरून तिला कळलं की गाणं चांगलं आहे. तिने डोळे मिटले. मुठी वळल्या, श्वास धरला, अंगात होतं नव्हतं ते सगळं गोळा करून ऐकलं. फक्त हे एक, ती मनात म्हणाली, बाकीचे राहू देत. बेडूक गात होता, गिटार वाजत होती. मग ते थांबलं आणि टाळ्या पडल्या.

धाकट्याने तिला पाहिलं. खुर्च्यांमधून वाट काढत तो आला, एका हातात गिटार, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. थोरलीने घरून निघताना एक वाक्य तयार करून आणलं होतं, लोकांना आवडलं रे, एवढंच. तेवढं खरं होतं. पण त्याने तिला काही विचारलंच नाही.

“ताई, जेवलीस का?” तो म्हणाला.

“नाही अजून.”

“थांब मग. गिटार ठेवून येतो, जाऊ.”

तो वळला. वाटेत त्या पेल्यावाल्या बाईने त्याला थांबवलं. काहीतरी विचारलं. धाकटा आधी संकोचला, मग सांगू लागला. मग बोटांनी हवेत तारा धरून दाखवू लागला. ती बाई मान हलवत होती, पण पटलेलं दिसत नव्हतं. तिने मध्येच त्याला तोडलं, हात आडवा मारून नाही नाही म्हणाली. धाकट्याचा चेहरा उजळला. तो तावातावाने बोलू लागला, जवळची खुर्ची ओढून बसला, गिटार पुन्हा मांडीवर घेतली आणि तिला ती जागा वाजवून दाखवू लागला.

थोरली भिंतीशी उभी होती. मागचे लोक खुर्च्या रचायला आले तशी ती बाजूला सरकली, आणि त्याची वाट बघत राहिली.